सहावी खुंटी

शनिवारी सकाळी मधलीने धाकट्या भावाला बस स्टँडवरून घेतलं. टेम्पोत बसल्यावर त्याने सीटवरचा भुसा झटकला, पट्टा लावला, आणि 'कशी आहेस' वगैरे काही न विचारता म्हणाला, "मी आलोय, पण उद्या गुडघे टेकणार नाही."

"बरं," मधली म्हणाली.

"मेणबत्त्या नकोत."

"बरं."

"आणि त्या मेजाला पुढची फळी लावलेली असेल तर मी मागच्या दारात उभा राहीन. फळी लावली की त्याची वेदी होते. वेदीवर बळी देतात. आपला बळी एकदाच दिला गेलाय, दोन हजार वर्षांपूर्वी. दर रविवारी नव्याने द्यायला आपण काय खाटीक आहोत?"

"तू लिफ्टच दुरुस्त करतोस ना रे अजून?"

"हो. का?"

"काही नाही. वाटलं, मधे बढती झाली की काय."

धाकटा हसला नाही. पूर्वी हसला असता. तीन वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत तो जायला लागला, त्यांनी त्याला पोहण्याच्या तलावात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला, आणि तेव्हापासून त्याचं हसू पाण्यातच राहिलं असं आत्याचं मत होतं. तिला ती बातमी कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "लहानपणी आंघोळीच्या वेळी इतका शहाणा असतास तर माझी कंबर वाचली असती."

मधलीने गिअर टाकला. मंगळवारी सकाळी सात वाजता बाबांची छाती उघडायची होती. डॉक्टरांनी कागदावर बटाट्यासारखं काळीज काढून त्यातल्या तीन बुजलेल्या नळ्या दाखवल्या, तेव्हा बाबांनी कानामागची पेन्सिल काढून डॉक्टरांची एक रेघ सरळ करून दिली होती. मग घरी येऊन म्हणाले, "ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तिन्ही पोरं एका मेजावर हवीत मला. एवढं जमव."

एकोणऐंशी वर्षांत या माणसाने कोणाकडे गार झालेला चहासुद्धा गरम करून मागितला नव्हता. आणि मागितलं ते हे. मेज म्हणजे चर्चमधलं, प्रभुभोजनाचं, जिथून भाकर आणि द्राक्षारस देतात ते. दुसऱ्या कुठल्याही घरात तिघांना गाडीत घातलं की काम झालं असतं. या घरात तिघांचे तीन देव नव्हते, देव एकच होता, आणि तेच तर दुखणं होतं. वेगळे असते तर एकमेकांना नमस्कार करून मोकळे झाले असते.

ताईने एका कॅथलिक चष्मे-दुकानदाराशी लग्न केलं आणि कॅथलिक झाली. सासरची माणसं महिन्यातून एकदा चर्चात मिस्साच्या उपासनेला जात, ही रोज जाऊ लागली. नव्याने आलेल्या सुनेने सासूपेक्षा जास्त ओटा पुसावा, तसं. धाकटा गेला दुसऱ्या टोकाला, जिथे भिंतीवर साधं चित्रसुद्धा चालत नाही. मधे उरली मधली. ती बापाच्या वर्कशॉपमध्ये राहिली, बापाच्या चर्चमध्ये राहिली, आणि दोन्हीकडे सांधे बसवत राहिली.

बाबांच्या या पंथाचा जन्म एका राजाला दुसरी बायको हवी होती म्हणून झाला, हे धाकटा शाळेतून शिकून आला होता. तेव्हा आजी म्हणाली होती, "पुरुषाच्या हट्टातून कधीमधी बरं काही निघतं रे. तुझ्या बापाकडे बघ."

"फळी काढलेली आहे," मधली वळण घेत म्हणाली. "मेज वर्कशॉपमध्येच आहे. मागच्या पायाला भुंगा लागला होता. खालचा वीतभर तुकडा कापून नवीन जोडला. आज संध्याकाळी परत न्यायचंय."

"आणि नेल्यावर? फळी लावणार की नाही?"

"पाळकबाईंनाच ठाऊक."

त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या नव्या येऊन चार महिने झाले होते. अर्ध्या मंडळीला फळी हवी होती, अर्ध्यांना नको होती, आणि मेजाच्या पायाला भुंगा लागल्याचं कळलं तेव्हा पाळकबाईंनी देवाचे आभार मानले होते, चांगले मोठ्याने.

ते मेज आजोबांनी केलेलं. तेव्हाच्या पाळकांना त्याचे चारही पाय उघडे दिसायला हवे होते: मेज आहे, मेजच दिसू दे, कोणाला वेदीचा भास व्हायला नको. ते बदलून गेले आणि धूपवाले पाळक आले. त्यांना पुढून बंद, भारदस्त वेदी हवी होती. आजोबांनी द्राक्षवेल कोरून एक लांब फळी केली आणि पुढच्या पायांना सहा लाकडी खुंट्यांवर बसवली. धूपवाल्यांनी विचारलं, खिळे का नाही मारले? आजोबा म्हणाले, लाकूड श्वास घेतं, साहेब. आणि घरी येऊन आजीला म्हणाले, "पाळक बदलतात. त्यांचं आपापसात ठरेपर्यंत खुंट्या सैल ठेवायच्या." त्यानंतर साठ वर्षांत ती फळी अकरा वेळा चढली आणि अकरा वेळा उतरली. मधे कधीतरी बायकांच्या मंडळाने जमिनीपर्यंतचं कापडही शिवलं. त्यामुळे फळी असो की नसो, ते मेज उघडंनागडं पाहिलेली माणसं आता दोनच उरली होती: बाबा आणि मधली.

ते मेज सध्या वर्कशॉपमध्ये आहे, ही गोष्ट मधलीने आत्याला सांगून ठेवायला हवी होती. पण आत्या आली पहाटेच्या गाडीने, आणि मधली गेली धाकट्याला आणायला.

*

वर्कशॉपच्या दारातच कोंबडी भाजल्याचा वास आला. वर्कशॉपमध्ये सरसाचा वास यावा, पॉलिशचा यावा. मधली आत शिरली आणि उभी राहिली.

मधोमध जेवण मांडलं होतं. निम्म्या भागावर स्वयंपाकघरातलं चौकटीचं मेणकापड, त्यावर ताटल्या, भाजलेली कोंबडी, उकडलेले बटाटे, पाव. उरलेल्या भागावर कापड पुरलं नव्हतं. तिथे आत्या कांदा चिरत होती, खाली फळकूट घ्यायचं सोडून. पलीकडे ताई ग्लास पुसत होती. टोकाला बाबा बसले होते, कानामागे पेन्सिल, समोर सुरी आणि पाव. आणि मेणकापडाखालून मागचा डावा पाय दिसत होता. त्याचा खालचा वीतभर भाग पिवळसर, नवा, गुरुवारी तिनेच पॉलिश केलेला.

"आत्या," मधली म्हणाली, "हे टेबल कुठनं काढलंस?"

"काढायचंय कुठनं? मधेच तर उभं होतं चादर पांघरून. आतल्या त्या टेबलावर पाच माणसं बसवायची तर दोघांना मांडीवर घ्यावं लागलं असतं. तुझ्या बापाला विचारलं, हे घेऊ का. म्हणाला, घे."

मधलीने बाबांकडे पाहिलं. बाबा पाव कापत होते. एकसारखे काप, जसे ते काहीही कापत.

"बाबा, हे गिऱ्हाइकाचं आहे."

"चालतं त्या गिऱ्हाइकाला," बाबा म्हणाले. "जुनं आहे."

आणि मान वर करून त्यांनी तिच्याकडे जे पाहिलं, ते तिला समजलं. तीस वर्षं एका करवतीची दोन टोकं धरल्यावर माणसाला एवढं समजतं. गप्प बस, असं ते पाहणं होतं.

ती गप्प बसली. म्हणजे खुर्ची ओढून खरोखरच बसली, आणि पुढचा पाऊण तास खिळ्यांवर बसल्यासारखी बसली.

"हात धुतलेस का?" ताईने धाकट्याला विचारलं. वर्षभराने भेटलेल्या बहिणीचं हे पहिलं वाक्य.

"धुतले. पवित्र पाण्याने नाही, नळाच्या."

"सुरू झालं," आत्या म्हणाली आणि चिरलेला कांदा ताटलीत लोटला. तिने चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळला होता. पोटात अन्न गेलं की दोन रोग्यांचं भांडण निम्मं निवतं हे तिला पाठ होतं. "आधी खा. मग काय ते एकमेकांना नरकात पाठवा."

ताईने बाबांच्या ताटलीत बटाटे वाढले, कोंबडीचं कातडं काढून टाकलं, मीठ लांब सरकवलं. मग म्हणाली, "बाबा, मी फादरना पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा. ते म्हणाले, जा, बस, गाणी म्हण. पुढेसुद्धा जा, पण छातीवर हात बांधून. आशीर्वाद घे. भाकर घेऊ नकोस."

"का?" बाबा म्हणाले. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"कारण..." ताई अडखळली. बापाच्या तोंडावर बोलायला अवघड होतं. "तुमच्या पाळकांना भाकर पवित्र करायचा अधिकारच आलेला नाही. हातावर हात ठेवून तो पहिल्या शिष्यांपासून चालत यावा लागतो. तुमच्याकडे मधे साखळी तुटली. रोमहून सव्वाशे वर्षांपूर्वी तसा कागदच निघालाय. रद्दबातल."

"साखळीचं मला सांग," धाकटा म्हणाला. "लिफ्टची साखळी मी रोज बघतो. साखळीवर भरवसा ठेवणारा माणूस मी अजून बघितला नाही. आणि आशीर्वाद देणार कोण? ती बाई?"

"हे मात्र खरं," ताई म्हणाली. "बाईने वेदीवर उभं राहायचं म्हणजे..."

"आमच्याकडे बायका मोठ्याने वाचतसुद्धा नाहीत."

"आमच्याकडे वाचतात. पण तेवढंच."

मधलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तीस वर्षांत ताईचं आणि धाकट्याचं पहिल्यांदा एकमत होत होतं, आणि ते तिच्या पाळकबाईंच्या विरुद्ध. दोघांनी एकमेकांना पावही सरकवला.

"चाळीस वर्षं," आत्या चमचा खाली ठेवत म्हणाली, "बाप्ये मरताना माझा हात धरून मेले. कॅथलिक मेले, तुझ्यातले मेले, कशातच नसलेलेही मेले. एकाने नाही म्हटलं, सिस्टर बाई आहे, मी थांबतो, पुरुष आल्यावर मरतो."

ते एकमत तेवढ्यावरच विरलं.

"हे बघ ताई," धाकट्याने नवीन आघाडी उघडली, "तू म्हणतेस त्या मेजाला काही अर्थ नाही कारण पाळक खोटे. मी म्हणतो, पाळक खरे असले तरी अर्थ नाही. मेज म्हणजे लाकूड. लाकूड ते लाकूड. त्यावर कोणी कोबी चिरली तरी देवाला फरक पडत नाही."

मधलीचं लक्ष आत्याच्या कांद्याकडे गेलं.

"मग आपण एकच तर बोलतोय," ताई म्हणाली. "त्या मेजावर जे होतं ते मिस्सा नाही. नुसतं लाकूड आणि पाव."

"अगदी." धाकट्याने सरस तापवायच्या शेगडीवरून सुपाचं पातेलं उचललं आणि थेट उघड्या लाकडावर ठेवलं.

मधली ताडकन उठली. कोपऱ्यातला एक फळकुटाचा तुकडा घेऊन तिने पातेलं उचललं आणि तो खाली सरकवला, पण उशीर झाला होता. पॉलिशवर पांढरं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"अगं, लाकूड तर आहे," धाकटा म्हणाला.

"लाकूड आहे म्हणूनच," मधली म्हणाली.

"हिला बघ," ताई म्हणाली. "इतकं आम्ही बोलतोय, ही एक शब्द बोलायची नाही. पहिल्यापासून अशी. हेही बरोबर, तेही बरोबर. तुमचा पंथच तसला गं. झगे घातलेले प्रोटेस्टंट."

"उलट," धाकटा म्हणाला. "पोपला न मानणारे कॅथलिक."

"मला वाटलं मी सुतार आहे," मधली म्हणाली. आणि मग, तिचं तिलाही कळायच्या आत, पुढचं आलं. "एकच मागितलंय त्यांनी. एक. तुम्ही दोघं कोबी आणि साखळ्या काढून बसलात. मंगळवारी त्यांची छाती उघडतील, तेव्हा आत कुठल्या पंथाची भाकर गेलीय हे कोणी तपासणार नाही. परत शिवता येते की नाही एवढंच बघतील."

छपरावरून एक मांजर चालत गेली ते ऐकू आलं.

बाबांनी पावाचा एक काप उचलला. ताईच्या ताटलीत ठेवला. "घे." दुसरा धाकट्याला दिला. "खा." तिसरा मधलीच्या हातात दिला, तेव्हा काही बोललेच नाहीत.

कुठलाही बाप जेवताना असंच करतो. तरी मधली तो काप हातात धरून राहिली, कारण त्यांच्या उपासनेत भाकर देताना पाळक दोन वाक्यं म्हणत. पहिलं: ख्रिस्ताचं शरीर तुझ्या देहाची आणि आत्म्याची राखण करो. दुसरं: त्याची आठवण म्हणून हे घे आणि खा. पहिलं कॅथलिकांना रुचणारं, दुसरं प्रोटेस्टंटांना. मुळात ती दोन वेगळ्या पुस्तकांतली होती. दोन्ही पक्ष मागे हटेनात, तेव्हा कोणा शहाण्याने ती एकमेकांना जोडून टाकली आणि म्हणाला, आता दोन्ही म्हणा. आजोबा त्याला सांधा म्हणत. सरस न लावता बसवलेला, आणि तरी चारशे वर्षं न निखळलेला. लहानपणी तिघं रांगेत गुडघे टेकत तेव्हा मधली मनात म्हणायची, पहिलं ताईचं, दुसरं धाकट्याचं. मग माझं कुठलं?

तिने पाव खाल्ला. ताईने खाल्ला. धाकट्याने सुपात बुडवून खाल्ला.

*

पाळकबाई सायकलवरून आल्या. हेल्मेट हातात, गळ्यात पाळकांची पांढरी कॉलर, पँटच्या एका पायाला चिमटा.

"मिस्त्रीकाका, जेवताय वाटतं. मी मेज बघायला आले होते, चार वाजता न्यायचं ना? कुठंय?"

बाबांनी सुरी खाली ठेवली. "बसा बाई. जेवा."

पाळकबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टेकवलेली द्राक्षवेलीची फळी दिसली. मग त्यांची नजर खाली गेली, पिवळसर पायावर थांबली, आणि सावकाश वर आली: मेणकापड, कोंबडीची हाडं, कांद्याची सालं, पांढरं वर्तुळ.

"हे तेच का?"

"तेच," बाबा म्हणाले.

आत्याला सगळ्यात आधी उमगलं. "अगं बाई. आणि मी यावर कांदा चिरला."

ताईचं कोपर मेजावरून उचललं गेलं, चटका बसल्यासारखं. मग तिने ग्लासही उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून छातीशी धरून बसली. धाकट्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि खुर्ची वीतभर मागे सारली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

बाबा दोघांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, खूप खटपटीनंतर दरवाजा चौकटीत बसल्यावर यायचा तसा भाव होता.

"ताई, तुझ्या मते ते नुसतं लाकूड," ते म्हणाले. "आणि धाकट्या, तुझ्या मतेही लाकूड. पाऊण तास मी ऐकलं. मग कोपरं का उचललीत?"

ताईने ग्लासात पाहिलं. धाकट्याने छपराकडे पाहिलं, जणू मांजर परत येऊन उत्तर देणार होती.

"तुम्हाला माहीत होतं," शेवटी तो म्हणाला.

"माझ्या बापाने केलंय ते. डोळे बांधले तरी सांध्यातलं कुसू चाचपून सांगेन." बाबांना थोडा दम लागला होता. आत्याची बोटं आपोआप त्यांच्या मनगटावर गेली, नाडी मोजत. "मी काही ठरवून केलं नाही. तिने विचारलं, हे घेऊ का, आणि मला वाटलं, कशाला नाही म्हणा. तुम्ही उद्या काय करणार ते मला आठ दिवसांपासून दिसतंय. ही हात बांधून उभी राहील, तू दारात. मला तिघं एका मेजावर हवी होती. बसलात. उद्याचं उद्या."

"बाबा, हे प्रभुभोजन नव्हतं," ताई म्हणाली. "असं होत नसतं. बाई, सांगा ना यांना."

पहिल्यांदाच तिने पाळकबाईंना काहीतरी ठरवायला सांगितलं होतं, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

"नव्हतंच," पाळकबाई म्हणाल्या. "प्रार्थना नाही, द्राक्षारस नाही, आणि तुमच्यात समेट तर नावालाही नाही. तिन्ही पंथांच्या दृष्टीने हे साधं जेवण होतं. एवढ्यावर आपलं सगळ्यांचं एकमत व्हायला हरकत नाही." त्यांनी आत्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दोन्ही कोपरं मेजावर चांगली पसरून ठेवली. "कोंबडी उरली असेल तर द्या. सकाळपासून दोन बैठका झाल्यात. दोन्ही फळीवर."

आत्याने त्यांना तंगडी वाढली. मोठी.

मधलीने पाहिलं, धाकटा शर्टाच्या बाहीने ते पांढरं वर्तुळ घासत होता. गोल गोल, अंगठा दाबून, लिफ्टच्या बटणावरचा डाग पुसावा तसा.

"असं जात नाही ते," ती हळूच म्हणाली. "स्पिरिट लावावं लागतं."

"मग दे की."

"राहू दे," बाबा म्हणाले. "कापडाखाली जातं. मला माहीत असलं म्हणजे झालं."

*

चार पाय, म्हणून चार माणसं. पुढे ताई आणि धाकटा, मागे मधली आणि पाळकबाई. बाबांना पेन्सिलीपेक्षा जड काही उचलायला बंदी होती, म्हणून ते खिशात सहा खुंट्या घेऊन टेम्पोत आत्याशेजारी बसले आणि चर्चपर्यंत सगळ्यांना सूचना देत आले.

चर्चच्या दारातून मेज आडवं जात नव्हतं. तिरकं केलं. तेव्हा ताई म्हणाली, धाकट्या, तुझी बाजू वर घे, आणि तो म्हणाला, तू मागे सरक आधी, नेहमीसारखी पुढे पुढे नको करूस. मग दोघं एका पावलाने चालू लागले, कारण मेज कोणाच्या तरी पायावर पडलं असतं.

भिंतीपाशी पोचल्यावर मात्र मेज अडलं. ताई ते मागच्या भिंतीकडे ढकलत होती, वेदी जिथे असावी तिथे. धाकटा ते लोकांच्या बाकांकडे ओढत होता, मेज जिथे असावं तिथे. कोणी काही बोललं नाही. नुसतं मेज दोन बोटं मागे जाई, दोन बोटं पुढे येई.

"ठेवा," शेवटी पाळकबाई म्हणाल्या. "हात गळून आले."

ठेवलं. भिंतीपासून हातभर. मागे कोणी उभं राहू म्हटलं तर राहील, राहायचं नसेल तर नाही. बरंचसं धर्मशास्त्र असंच ठरलं असावं, असं मधलीला पुष्कळदा वाटे. माणसं दमली तिथे.

"फळी?" बाबांनी पहिल्या बाकावर बसून विचारलं.

पाळकबाईंनी कपाळ पुसलं. "तुम्हीच सांगा मिस्त्रीकाका. मी चार महिने पुढे ढकलतेय."

"लावा. पण पाच खुंट्यांवर."

मधलीने टेम्पोतून फळी आणून पुढच्या पायांना टेकवली. बाबा एकेक खुंटी देत गेले, ती अंगठ्याने दाबत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. उजवीकडचं खालचं टोक तेवढं सुटं राहिलं आणि बोटभर पुढे झुकलं.

ताई चार पावलं मागे जाऊन बघत होती. "वेदी दिसतेय," ती म्हणाली. नको नको म्हणताना तिचा हात क्रूसाची खूण करायला कपाळाकडे गेला होता. तिने तो केस सारखे करायला वळवला.

धाकटा फळीच्या सुट्या टोकाशी वाकला, मग खाली बसला, आणि फटीतून आत डोकावला. "पाय दिसतोय इथनं," तो म्हणाला. "मेजच आहे."

"गुडघे टेकलेस की रे," आत्या म्हणाली.

"पाय बघतोय."

"हो का? बघ, बघ. सावकाश बघ."

तो बराच वेळ बघत राहिला. कोणी त्याला उठ म्हटलं नाही.

मधलीने हात पुढे केला. "बाबा, सहावी द्या. नुसती अडकवून ठेवते."

बाबांनी मूठ उघडली नाही. "ही राहू दे माझ्यापाशी. मंगळवारी खिशात ठेवीन."

"तिथल्या झग्याला खिसा नसतो," आत्या म्हणाली. चाळीस वर्षं तिने ते झगे रोग्यांना घातले होते आणि काढले होते. "मागून बटणंसुद्धा नसतात."

बाबांनी त्यावर विचार केला. खुंटी बोटांत फिरवली. आजोबांच्या पटाशीचे तीन तिरके वार तिच्यावर अजून दिसत होते. मग त्यांनी ती मधलीच्या तळहातावर ठेवली.

"मग तुझ्याकडे राहू दे. मी आलो की ठोकू."

"बरं."

"हरवू नकोस."

"नाही."

"आणि आलो तरी घट्ट नाही ठोकायची."

"माहितीये, बाबा," मधली म्हणाली, आणि खुंटी आपल्या कानामागे, तिथल्या पेन्सिलीच्या शेजारी खोचली.